मुलगी बारा वर्षांची झाली आणि पोर्टल रिकामं झालं: हे हिपामुळे की राज्याच्या कायद्यामुळे?

तुमचा प्रश्न मला समजला तो असा. तुम्ही टेक्ससमधल्या डॅलसहून कॅलिफोर्नियातल्या फ्रीमाँटला राहायला आलात. मुलगी नुकतीच बारा वर्षांची झाली आणि सातवीत जाणार आहे. डॅलसच्या बालरोगतज्ज्ञांकडे तिच्या जुन्या नोंदी मागितल्या, तर ‘हिपाप्रमाणे (HIPAA, रुग्णाच्या वैद्यकीय माहितीच्या गोपनीयतेचा अमेरिकेचा कायदा) तीस दिवस लागतील’ असं उत्तर आलं. इकडे नव्या रुग्णालयाच्या पोर्टलवर, म्हणजे ऑनलाइन खात्यात, तिची माहिती तुम्हाला निम्मीच दिसते, आणि फोन केला तर पुन्हा ‘हिपामुळे’. पहिल्याच तपासणीत डॉक्टरांनी तुम्हाला दहा मिनिटं बाहेर बसायला सांगितलं. तुमचा भाऊ पुण्यात मेडिकल बिलिंगमध्ये आहे. तो म्हणतो की हिपा फेडरल, म्हणजे केंद्राचा, कायदा आहे, पन्नासही राज्यांत सारखाच. मग टेक्ससमध्ये जे दिसत होतं ते कॅलिफोर्नियात का दिसू नये, आणि राज्याचा कायदा फेडरल कायद्याच्या वर कसा जाईल, हे तुम्हाला जाणून घ्यायचं आहे.

मी रुग्णालयांच्या प्रायव्हसी विभागात बरीच वर्षं काम करते. आधी टेक्ससमध्ये होते, आता कॅलिफोर्नियात आहे. त्यामुळे ही दोन्ही उत्तरं मी रोज ऐकते, आणि खरं सांगायचं तर मला त्यांचा राग येतो. दोन्ही ठिकाणी तुम्हाला हिपाचं नाव सांगितलं गेलं आणि दोन्ही ठिकाणी प्रत्यक्ष निर्णय राज्याच्या कायद्याने होतो. टेक्ससचा कायदा इथे तुमच्या बाजूचा आहे. कॅलिफोर्नियाचा कायदा काही बाबतींत तुमच्या मुलीच्या बाजूचा आहे. काउंटरवरच्या माणसाला एवढं सांगायला वेळ नसतो, म्हणून ‘हिपा’ हा एकच शब्द पुढे केला जातो.

भावाचं म्हणणं कुठून येतं ते मला कळतं. आपण भारतात शिकलेलो असतो की समवर्ती सूचीतल्या विषयावर केंद्राचा आणि राज्याचा कायदा भिडला तर अनुच्छेद २५४ प्रमाणे केंद्राचा चालतो. अमेरिकेच्या राज्यघटनेतही फेडरल कायदा श्रेष्ठ आहेच. पण १९९६ साली हिपा करताना अमेरिकेच्या संसदेने, म्हणजे काँग्रेसने, त्याच कायद्यात लिहून ठेवलं की गोपनीयतेचे नियम होतील तेव्हा राज्याचा जो कायदा रुग्णाला जास्त संरक्षण देतो त्याला ते रद्द करणार नाहीत. म्हणजे राज्याने फेडरल कायद्यावर मात केलेली नाही, फेडरल कायद्यानेच जागा सोडलेली आहे. याला कारणही होतं. कॅलिफोर्नियाचा वैद्यकीय गोपनीयतेचा कायदा १९८१ चा आहे. न्यूयॉर्कचा एचआयव्हीबाबतचा कायदा ऐंशीच्या दशकाच्या अखेरचा आहे. लोकांना आधीच मिळालेलं संरक्षण फेडरल नियमाने कमी करणं कुणालाच नको होतं. किमान वेतनाचं उदाहरण घ्या: फेडरल दर तासाला ७.२५ डॉलर आहे आणि कॅलिफोर्नियाचा त्याच्या दुपटीहून जास्त. जास्त देणारा मालक फेडरल कायदा मोडत नाही.

आता जरा बारकाईने बघू, कारण बहुतेकांची गाडी इथेच अडते. नियमाची भाषा अशी आहे की राज्याचा कायदा हिपाच्या ‘विरोधी’ असेल तरच हिपा त्याला बाजूला सारतो. विरोधी म्हणजे दोन्ही एकाच वेळी पाळणं अशक्य असणं, किंवा राज्याचा कायदा हिपाच्या हेतूच्या आड येणं. नुसता वेगळा असणं म्हणजे विरोधी नव्हे. शिवाय हिपाचा गोपनीयता नियम, जो २००३ च्या एप्रिलपासून लागू झाला, तो माहिती उघड करायची सक्ती फक्त दोन वेळा करतो: रुग्णाने, किंवा त्याच्या वतीने कायद्याने हक्क असलेल्या व्यक्तीने, स्वतःची माहिती मागितली तेव्हा, आणि फेडरल आरोग्य खात्याने चौकशीसाठी मागितली तेव्हा. बाकी सगळं, म्हणजे उपचारासाठी दुसऱ्या डॉक्टरला, पैशांसाठी विमा कंपनीला, समन्स आलं तर न्यायालयाला देणं, या सगळ्याला हिपा ‘परवानगी’ देतो. जिथे हिपा ‘देऊ शकता’ म्हणतो तिथे राज्य ‘देऊ नका’ म्हणालं, तर न दिल्याने दोन्ही कायदे पाळले जातात. टक्कर होतच नाही. आमच्याकडे नवीन येणाऱ्या प्रत्येकाला मी आधी हे समजावते. हे कळलं की पुढची निम्मी कोडी आपोआप सुटतात.

तुमच्या टेक्ससच्या नोंदींना हेच लावून बघा. हिपा म्हणतो ३० दिवसांच्या आत द्या, आणि लेखी कारण देऊन आणखी ३० दिवस एकदा वाढवता येतात. टेक्ससचा २०१२ पासूनचा कायदा, ज्याला सगळे एचबी ३०० म्हणतात, तो सांगतो की इलेक्ट्रॉनिक नोंदी लेखी मागणी मिळाल्यापासून १५ कामकाजी दिवसांत द्या. पंधरा दिवसांत दिल्या की हिपाही पाळला गेला. रुग्णाला स्वतःची माहिती लवकर मिळणं हे सुद्धा नियमाच्या दृष्टीने ‘जास्त संरक्षण’च आहे, म्हणून टेक्ससची मुदत उभी राहते. आणि तुम्ही आता कॅलिफोर्नियात राहता म्हणून फरक पडत नाही. उपचार टेक्ससमध्ये झाले, नोंदी टेक्ससच्या दवाखान्याच्या आहेत, तेव्हा त्या दवाखान्याला टेक्ससचा कायदा लागतो. ‘तीस दिवस’ हे उत्तर अपुरं आहे आणि तसं तुम्ही त्यांना स्पष्ट लिहू शकता.

पोर्टलचा भाग याहून नाजूक आहे, त्याला वेळ देते.

हिपाच्या दृष्टीने आईवडील हे अल्पवयीन मुलाचे प्रतिनिधी असतात आणि मुलाच्या नोंदी बघण्याचा हक्क त्यांना असतो. हा मूळ नियम आहे. त्याला तीन अपवाद आहेत. पहिला, राज्याच्या कायद्याप्रमाणे तो उपचार मुलाला स्वतःच्या संमतीने घेता येतो आणि त्याने तो तसा घेतला. दुसरा, न्यायालयाने किंवा कायद्याने संमतीचा अधिकार दुसऱ्या कुणाला दिला आहे. तिसरा, आईवडिलांनी स्वतःच डॉक्टर आणि मुलामधली गोपनीयता मान्य केली. हा तिसरा बऱ्याच पालकांच्या लक्षातच येत नाही. पहिल्या दिवशी तुम्ही ज्या कागदांच्या गठ्ठ्यावर सह्या केल्या त्यात ‘किशोरवयीनांच्या खासगी भेटीला माझी संमती आहे’ अशा अर्थाची ओळ होती का, ते जरूर पाहा.

हे अपवाद लागले तरी हिपा शेवटचा शब्द स्वतःकडे ठेवत नाही. राज्याचा कायदा पालकांना सांगायची मुभा देत असेल तर सांगता येतं, मनाई करत असेल तर नाही, आणि राज्याचा कायदा गप्प असेल तर उपचार करणाऱ्या परवानाधारक डॉक्टरने व्यावसायिक निर्णय घ्यायचा. म्हणून एकच मुलगी, एकच हिपा, आणि राज्य बदलताच तुम्हाला दिसणारं चित्र बदललं. टेक्ससमध्ये मुलांच्या स्वतंत्र संमतीला जागा कमी आहे, जिथे आहे तिथेही डॉक्टरांना पालकांना सांगायची मोकळीक आहे, आणि २०२५ च्या कायद्याने पालकांना मुलांच्या इलेक्ट्रॉनिक नोंदी पूर्ण दिसल्या पाहिजेत असंही सांगितलं आहे. कॅलिफोर्नियात बाराव्या वर्षापासून मुलांना काही ठरावीक बाबतींत स्वतः संमती देता येते: लैंगिक संबंधातून पसरणाऱ्या आजारांचा प्रतिबंध आणि उपचार, व्यसनाशी संबंधित उपचार, आणि मानसिक आरोग्याचं समुपदेशन, जर ती त्यात समजूतदारपणे भाग घेण्याइतकी मोठी आहे असं तज्ज्ञाला वाटलं तर. गर्भधारणेशी संबंधित उपचारांना तर किमान वयाचीही अट नाही. ज्या उपचाराला मुलगी स्वतः संमती देऊ शकते त्याच्या नोंदी बघण्याचा हक्क कॅलिफोर्नियाचा कायदा पालकांना देत नाही.

पण यादी केवढी छोटी आहे ते बघा. दमा, ॲलर्जी, हात मोडणं, टॉन्सिल, चष्मा, फ्लूसारख्या नेहमीच्या लसी, रक्तातलं लोह यातलं काहीही त्या यादीत नाही. या सगळ्याच्या नोंदींवर तुमचा हक्क काल होता तसाच आज आहे. मग पोर्टल निम्मं बंद का?

कारण पोर्टल हे एक सॉफ्टवेअर आहे आणि त्यात माहिती वेगवेगळ्या वाटांनी बाहेर येते. तुमच्या मुलीची परवाची तपासणी डोळ्यांसमोर आणा. उंची, वजन, नजर, पाठीचा कणा, दम्याचा पंप, फ्लूची लस. मग ती दहा मिनिटं. डॉक्टर विचारतात: झोप लागते का, शाळेत कुणी त्रास देतं का, घरी सुरक्षित वाटतं का, मन उदास असतं का, वर्गात कुणी वेपिंग करतं का. ही चौकशी ते प्रत्येक किशोरवयीन मुलाची करतात, तुमच्या मुलीबद्दल काही शंका आली म्हणून नव्हे. समजा तिने एखादी गोष्ट सांगितली आणि डॉक्टरांनी ती वेगळ्या गोपनीय नोटमध्ये लिहिली. नोट झाकता येते. पण तिच्यापाठोपाठ लॅबची एक ऑर्डर जाते, औषधांच्या यादीत एक नाव वाढतं, पुढच्या अपॉइंटमेंटपुढे विभागाचं नाव येतं, बिलावर कोड पडतो. यातली एक जागा जरी पालकांच्या स्क्रीनवर उघडी राहिली तरी गोपनीयता गेली. प्रत्येक जागा वेगळी झाकणं अवघड असतं, म्हणून बरीच रुग्णालयं बारावा वाढदिवस आला की पालकांच्या खात्यातून लॅब, औषधं, नोट्स हे मोठे भाग एकदम बंद करतात आणि लसी, अपॉइंटमेंट, निरोप एवढंच ठेवतात. तो रुग्णालयाचा प्रशासकीय निर्णय असतो. तुमचा कायदेशीर हक्क पोर्टलपुरता मर्यादित नाही.

म्हणून पोर्टलच्या मदतकेंद्राशी वाद घालत बसू नका. मेडिकल रेकॉर्ड्स विभागाकडे लेखी अर्ज करा. कॅलिफोर्नियात नोंदी बघायला ५ कामकाजी दिवसांत आणि प्रती १५ दिवसांत द्याव्या लागतात. तिथे आमच्यासारखं एखादं माणूस नोंदी हाताने तपासतं, मुलीच्या संमतीखालचा भाग वेगळा काढतं आणि बाकीचं तुम्हाला देतं. एक अट मात्र लक्षात ठेवा. पालकांना नोंदी दिल्याने मुलाशी असलेल्या उपचाराच्या नात्याला, किंवा मुलाच्या सुरक्षिततेला वा मानसिक स्वास्थ्याला धोका होईल असं डॉक्टरांना प्रामाणिकपणे वाटलं, तर त्यांना नाही म्हणता येतं. असं क्वचित होतं, पण होतं.

तुमच्या प्रश्नात न लिहिलेली भीती मला जाणवली: मुलीला काही गंभीर झालं तर मला कुणी सांगणारच नाही का? सांगतील. जिवाला गंभीर आणि जवळचा धोका असेल तर तो टाळण्यासाठी माहिती द्यायची परवानगी हिपात आहे. आणि समुपदेशनाच्या बाबतीत कॅलिफोर्नियाचा कायदा पालकांना सहभागी करून घ्या असंच सांगतो. मुलीशी बोलून तज्ज्ञाला ते अयोग्य वाटलं तरच अपवाद. मी पाहिलेल्या बहुतेक प्रकरणांत डॉक्टर मुलीलाच हळूहळू ‘आईला आपण मिळून सांगूया का’ इथपर्यंत आणतात. बाहेर बसलेली ती दहा मिनिटं तुमच्यावर अविश्वास म्हणून घेऊ नका. उद्या खरंच काही घडलं तर तिला एका जबाबदार मोठ्या माणसाशी बोलायची सवय असावी, यासाठी ती असतात.

विम्याचं तुम्ही विचारलं नाहीत, पण पुढचा धक्का तिथूनच बसतो म्हणून सांगते. उपचारानंतर घरी जो हिशेबाचा कागद येतो, त्यावरून पालकांना सगळं कळतं. कॅलिफोर्नियाने २०२१ साली कायदा केला आणि जुलै २०२२ पासून विमा कंपनीने संवेदनशील सेवांची पत्रं पॉलिसीधारकाऐवजी ती सेवा घेणाऱ्यालाच पाठवायची असं ठरवलं. मात्र हे राज्याच्या देखरेखीखालच्या विम्याला लागू आहे. मोठ्या टेक कंपन्यांपैकी अनेक स्वतःच्या पैशाने योजना चालवतात आणि विमा कंपनी फक्त कागदपत्रं सांभाळते. अशा योजनांना नोकरीतून मिळणाऱ्या लाभ-योजनांसाठीचा १९७४ चा एरिसा हा दुसरा फेडरल कायदा लागतो, आणि एरिसा मात्र राज्यांना हिपाइतकी जागा सोडत नाही. तिथे हिपातली तरतूदच उरते: माहिती उघड झाल्यास मला धोका आहे असं सांगितलं तर योजनेने पत्र दुसऱ्या पत्त्यावर पाठवायला हवं. तुमची योजना यातली कुठली, हे नवऱ्याच्या किंवा तुमच्या एचआरला विचारल्याशिवाय मला सांगता येणार नाही.

काही माहितीला मात्र हिपाखेरीज वेगळेच नियम लागतात. व्यसनमुक्तीच्या ठरावीक केंद्रांच्या नोंदींना वेगळा, जास्त कडक फेडरल नियम आहे. शाळेतल्या नर्सच्या नोंदी बहुधा शिक्षणाच्या नोंदी धरल्या जातात. आणि मुलीच्या फोनमधल्या पाळीच्या किंवा मूडच्या ॲपला हिपा बहुतेक वेळा लागतच नाही. ॲपची पोकळी राज्यंच भरू लागली आहेत. वॉशिंग्टन राज्याचा २०२३ चा कायदा खास त्यासाठीच आहे.

आता भावाच्या बाजूचं. ‘राज्याचा कायदा नेहमी जिंकतो’ असंही त्याने समजू नये. फ्लोरिडात नर्सिंग होमना, तिथल्या मृत रहिवाशाच्या नोंदी जोडीदाराने वगैरे मागितल्या तर द्यायला लावणारा कायदा होता. तो हिपापेक्षा कमी संरक्षण देत होता, म्हणून २०१३ साली अकराव्या सर्किटच्या (विभागाच्या) फेडरल अपील न्यायालयाने हिपा त्याच्यावर चालेल असं ठरवलं. मृत्यूनंतरही हिपाचं संरक्षण ५० वर्षं टिकतं. जास्त संरक्षण देणारा टिकतो, कमी देणारा जातो. आणि फेडरल बाजूही स्थिर नसते. गर्भपात आणि प्रजननविषयक माहितीसाठी २०२४ मध्ये हिपात जी खास भर घातली होती, ती टेक्ससमधल्या एका फेडरल न्यायालयाने जून २०२५ मध्ये रद्द केली. त्या दिवशी कॅलिफोर्नियाच्या रुग्णाचं राज्याच्या कायद्यातलं संरक्षण जागच्या जागी राहिलं. ज्या राज्यात असा कायदाच नाही तिथला रुग्ण मात्र उघडा पडला.

पुण्यात, नवी मुंबईत बसून अमेरिकन दवाखान्यांचं बिलिंग आणि कोडिंग करणाऱ्यांनी तर राज्य बघितल्याशिवाय पुढे जाऊच नये. हिपाचं प्रशिक्षण झालं म्हणजे झालं, असं तिथे सर्रास मानलं जातं. माहिती अमेरिकेबाहेर ठेवायला हिपा सरळ मनाई करत नाही. पण फ्लोरिडाने जुलै २०२३ पासून अनेक आरोग्यसेवकांना इलेक्ट्रॉनिक नोंदी अमेरिकेत, तिच्या प्रदेशांत किंवा कॅनडातच साठवायला सांगितलं, आणि टेक्ससने १ जानेवारी २०२६ पासून तशीच, फक्त अमेरिका आणि तिच्या प्रदेशांपुरती अट घातली. टेक्ससची व्याख्याही रुंद आहे: रुग्णाची माहिती ज्याच्या हातात येते तो जवळजवळ प्रत्येकजण तिथे कायद्याच्या कक्षेत येतो, आणि कर्मचाऱ्याला नोकरीला लागल्यापासून ९० दिवसांत प्रशिक्षण द्यावं लागतं, तेही हिपासोबत राज्याच्या कायद्याचं. भावाने त्याच्या मॅनेजरला एवढंच विचारावं, आपले क्लायंट कुठल्या राज्यांतले आहेत?

शेवटी, कुणी दाद दिली नाही तर काय. हिपाखाली रुग्णाला स्वतः दावा लावता येत नाही. फेडरल नागरी हक्क कार्यालयाकडे तक्रार करता येते, साधारण १८० दिवसांच्या आत, आणि नोंदी वेळेवर न देणाऱ्यांवर ते कार्यालय २०१९ पासून खास लक्ष ठेवून आहे. पन्नासहून जास्त प्रकरणांत त्याने कारवाई केली आहे. दावा लावायची वाट राज्यं देतात. कॅलिफोर्नियात निष्काळजीपणे वैद्यकीय माहिती फुटली तर नुकसान सिद्ध न करताही रुग्णाला १,००० डॉलर मागता येतात. कनेक्टिकटच्या सर्वोच्च न्यायालयाने २०१४ मध्ये सांगितलं की हिपा अशा राज्य-दाव्यांच्या आड येत नाही. पण तुमच्या बाबतीत गोष्ट इतकी लांब जाईल असं मला वाटत नाही.

आज दोन पत्रं लिहा. डॅलसच्या दवाखान्याला लिहिताना मुलीचं नाव, जन्मतारीख, कुठल्या वर्षांपासूनच्या नोंदी हव्यात ते आणि ‘इलेक्ट्रॉनिक स्वरूपात’ हे शब्द घाला, टेक्ससच्या १५ कामकाजी दिवसांचा उल्लेख करा आणि अर्जाची तारीख असलेली प्रत जपून ठेवा. फ्रीमाँटच्या रुग्णालयाला लिहिताना ‘कायद्याप्रमाणे मला मिळू शकणाऱ्या सर्व नोंदी’ मागा आणि काही रोखून ठेवलं असेल तर ते कुठल्या तरतुदीखाली, हे लेखी कळवायला सांगा. पंधरा कामकाजी दिवस म्हणजे तीन आठवडे, आणि सातवीला कॅलिफोर्नियाच्या शाळा टीडॅप (धनुर्वात, घटसर्प, डांग्या खोकला) लसीचा पुरावा मागतात. ती लस डॅलसला झाली असेल तर पूर्ण नोंदींची वाट न बघता नुसता लसीकरणाचा कागद वेगळा मागून घ्या. तो दवाखाने बहुधा त्याच दिवशी देतात. टेक्ससच्या लसीकरण नोंदवहीसाठी तुम्ही कधी संमती दिली असेल, तर तिथूनही तो मिळेल. टेक्ससमध्ये ती नोंदवही संमती देणाऱ्यांचीच माहिती ठेवते, त्यामुळे नाव सापडलं नाही तर घाबरू नका, दवाखान्यालाच फोन करा.